फायरवॉल बंद करणाऱ्यांना उत्तर

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधलं एखादं दुकान घ्या, अंबरनाथ पूर्वेतलं सीएचं छोटं ऑफिस घ्या, नाहीतर बदलापूर पश्चिमेचा टू बीएचके घ्या. दोन संगणक आहेत, दोघांनाही इंटरनेट मिळतंय, पण एकाला दुसरा दिसत नाही. तक्रार केली की उपाय सगळीकडे एकच येतो, आणि तो अशा थाटात येतो की ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायचं सुचत नाही. फायरवॉल बंद करा, एसएमबी वन चालू करा, पासवर्ड काढा, फोल्डर ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन मोकळे व्हा. तरीही जमलं नाही तर फॉरमॅट मारा. हार्डवेअरवाला हेच सांगतो, इंजिनिअरिंगला असलेला भाचा हेच सांगतो, आणि पूर्वी कधीतरी हेच करून सुटलेला शेजारीही हेच सांगतो.

हा सल्ला धोक्याचा आहे असं म्हटलं की समोरचा हसतो. धोक्याच्या गप्पा त्याने पुष्कळ ऐकलेल्या असतात. म्हणून धोक्याचं नंतर बघू. माझा पहिला आक्षेप निदानावर आहे. रोग कुठला ते न बघता दिलेलं हे औषध आहे, आणि ज्या वेळी ते लागू पडतं त्या वेळीही भलत्याच कारणाने लागू पडतं.

आधी त्यांची बाजू. ती पोकळ नाही. मायक्रोसॉफ्टने या कामात सामान्य माणसाला कमी छळलेलं नाही. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर ‘होमग्रुप’ आणला, लोकांना कुठे तो समजू लागला तोच २०१८ च्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये काढून टाकला. शेअरिंगच्या सेटिंग्ज आधी कंट्रोल पॅनेलमध्ये होत्या, विंडोज ११ मध्ये त्यांचं बिऱ्हाड दुसरीकडे हललं. एरर येते तीही अशी, की ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ हे फोल्डर उघडता येत नाही. घरात आजी, आई-बाबा आणि दहावीतली मुलगी. संस्था कुठली आणि धोरण कोणाचं? अशा वेळी व्हिजिटचे मोजके पैसे घेऊन आलेला माणूस एकेक कारण तपासत बसणार नाही. सगळं उघडून टाकलं की पंधरा मिनिटांत ‘साहेब, बघा, दिसायला लागलं’ म्हणता येतं. त्याच्या घाईचा मला राग नाही. घाईत केलेल्या गोष्टीला तो दुरुस्ती म्हणतो, त्याचा आहे.

आता ‘दिसत नाही’ म्हणजे काय ते बघू. सोसायटीच्या खाली नावांची पाटी असते. पाटीवर जोशींचं नाव नाही, एवढ्यावरून जोशी तिथे राहत नाहीत असं कोणी म्हणत नाही. पाटीवर नाव असणं ही एक गोष्ट, त्यांच्या दारापर्यंत जिना पोचणं ही दुसरी, आणि त्यांनी दार उघडणं ही तिसरी. फाइल एक्सप्लोररमधली ‘नेटवर्क’ नावाची यादी ही ती पाटी आहे, आणि आपल्याकडची निम्मी दुरुस्ती तिच्याकडे बघूनच चालते. यादी बाजूला ठेवा. ॲड्रेस बारमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे दुसऱ्या संगणकाचं नाव टाइप करा. फोल्डर उघडलं तर नेटवर्क ठणठणीत आहे, बिघाड पाटीचा आहे. नावाने उघडलं नाही पण आयपी पत्त्याने उघडलं, तर दोष नाव शोधण्यात आहे. नाव-पासवर्डाची चौकट आली, तर वाट पूर्ण मोकळी आहे, अडलंय ते परवानगीपाशी. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीने बहुतेक भांडणं मिटतात. पण ती करताना मी फार थोड्यांना पाहिलंय.

एसएमबी वनची सगळी कीर्ती या पाटीवरच उभी आहे. नेटवर्कवरून फाइली वाटण्याचा हा प्रोटोकॉल आयबीएममध्ये १९८० च्या दशकात जन्मला. विंडोजच्या जुन्या रचनेत नेटवर्कवरचे संगणक आपापसांत जणू निवडणूक घेत. जो जिंकेल तो सगळ्यांची यादी सांभाळे. यादीची ही जुनी पद्धत एसएमबी वनला बांधलेली होती. ऑक्टोबर २०१७ च्या अपडेटपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी वन एकतर नसतो किंवा न वापरल्यास आपोआप निघून जातो, म्हणून जुनी यादीही गेली. तिच्या जागी दुसरी यंत्रणा आली, आणि तिच्यात प्रत्येक संगणकाने स्वतःची हजेरी पुकारायची असते. पुकारण्याचं काम ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ नावाची सर्व्हिस करते. ती झोपलेली असेल तर संगणक यादीत येत नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती आपोआप सुरू होईल अशी लावली की झालं. आमचा तंत्रज्ञ मित्र मात्र एसएमबी वन बसवतो, जुनी यादी परत येते, आणि तो म्हणतो, ‘बघा, विंडोज ११ ला जुन्याशी बोलताच येत नव्हतं.’ साफ चूक. विंडोज ७ ला एसएमबीची दुसरी आवृत्ती उत्तम येते. ती व्हिस्टापासूनच आहे. घरात एक विंडोज ७ चा डबा आणि एक नवा लॅपटॉप असेल, तर फाइलींसाठी एसएमबी वनची कवडीइतकीही गरज नाही. गरज लागते ती एक्सपीला आणि नेटवर्क फोल्डरमध्ये फाइल टाकणाऱ्या काही जुन्या स्कॅनर किंवा स्टोरेजच्या खोक्यांना. तसं खोकं असेल तर त्याला निवृत्त करायचं की त्याच्यासाठी सगळं घर जुन्या काळात न्यायचं, हे ठरवा.

फायरवॉलचं असंच. ती बंद केल्यावर अनेकदा संगणक खरोखर दिसतो, हे मी नाकारत नाही. पण का दिसतो? विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा शिक्का मारतं. पब्लिक असेल तर संगणक लपून राहतो, फाइल शेअरिंग नाही, बहुधा पिंगलाही उत्तर नाही. (पिंगला उत्तर नाही म्हणून केबल बदलायला निघालेले लोकही आपल्यात आहेत.) विंडोज ११ नव्या नेटवर्कला आपणहून पब्लिकच म्हणतं. नेटवाल्याने घरातला बॉक्स बदलला की त्याच्या लेखी ते नवं नेटवर्क, आणि काल चालणारं आज बंद. यावरचा उपाय म्हणजे सेटिंग्जमधलं एक गोल बटण आहे: त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रायव्हेट’. फायरवॉल मग आपण होऊन घरच्या संगणकांना वाट देते आणि बाकीच्यांना अडवते. त्यासाठीच तर ती बसवली आहे. हे एक बटण दाबायला फायरवॉल बंद करण्याइतकाच वेळ लागतो. शिवाय अँटिव्हायरसच्या अनेक पॅकेजांत स्वतःची फायरवॉल असते. ती कामावर असेल तर विंडोजची बंद केल्याने काहीच होत नाही. मग तंत्रज्ञ अँटिव्हायरसही काढतो आणि ग्राहकाला सांगतो, ‘यामुळेच स्लो होता.’

आणि आता ते प्रकरण, ज्यापुढे हा सगळा सल्ला आडवा होतो. गेल्या काही वर्षांत बदलापूर-अंबरनाथच्या नव्या इमारतींत फायबर आलं. कंपनीचा बॉक्स दाराशी नाहीतर टीव्हीमागे बसतो, आतल्या बेडरूममध्ये सिग्नल पोचत नाही, म्हणून लोक दुसरा राउटर आणतात. बॉक्समधून आलेली वायर त्या राउटरच्या निळ्या, वॅन असं लिहिलेल्या भोकात जाते, कारण मॅन्युअलमध्ये तसंच चित्र असतं. इंटरनेट सुरू होतं, सगळे खूश. पण आता घरात एक नव्हे, दोन नेटवर्क झाली. हॉलमधल्या संगणकाचा पत्ता समजा १९२.१६८.२९ ने सुरू होतो, बेडरूममधल्याचा १९२.१६८.० ने. हजेरीची ती हाक राउटर ओलांडत नाही, त्यामुळे यादीत कोणालाच कोणी दिसत नाही. पत्ता टाइप केला तर बेडरूममधून हॉलमध्ये जाता येतं, हॉलमधून बेडरूममध्ये येता येत नाही. ‘याला तो मिळतो, पण त्याला हा मिळत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. इथे दोन्हीकडच्या फायरवॉल बंद करा, एसएमबी वन चढवा, पासवर्ड काढा, दहा वेळा फॉरमॅट मारा. हॉलचा संगणक बेडरूमला शोधू शकणार नाही, कारण अडवणारा मधला राउटर आहे आणि त्याला कोणी हातच लावलेला नाही. करायचं काय? दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता पहिल्याशी भिडणार नाही असा बदला, त्याचं पत्ते वाटणारं डीएचसीपी बंद करा, आणि वायर वॅनमधून काढून लॅनच्या भोकात लावा. संपलं. एक संगणक वाय-फायच्या ‘गेस्ट’ नावावर असेल तरी लक्षण हेच, कारण पाहुण्यांनी घरातली यंत्रं बघू नयेत म्हणूनच ते नाव वेगळं काढलेलं असतं. म्हणून दोन्ही संगणकांचे पत्ते वाचल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नये. आणि एखाद्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तिथे वायर आणि वाय-फाय बघा.

ऑफिसचा लॅपटॉप हा वेगळा विषय, आणि थोडक्यात संपणारा. ऐरोलीच्या कंपनीने दिलेला लॅपटॉप घरच्या प्रिंटरला ओळखत नसेल, तर बहुतेक वेळा तो व्हीपीएनमध्ये आहे आणि कंपनीने मुद्दाम तसं ठेवलंय. तो मुद्दा भाच्याकडून सोडवून घेऊ नका.

पासवर्डाचं प्रकरण सगळ्यात गमतीचं आहे. सल्ला असा, की लॉगिनचा पासवर्ड काढून टाकला की शेअरिंग सोपं होतं. विंडोजमध्ये मुळातच नियम आहे, की ज्या लोकल खात्याला पासवर्ड नाही ते खातं फक्त त्या संगणकासमोर बसूनच वापरता येतं, नेटवर्कवरून नाही. म्हणजे पासवर्ड काढून मित्राने दार स्वतःच लावून घेतलं. मग ते उघडण्यासाठी तो ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करतो, म्हणजे कोणीही पाहुणा म्हणून आत. विंडोज ११ प्रोच्या २०२४ च्या आवृत्तीने नेमका हाच पाहुण्यांचा रस्ता बंद केला. आता मित्र रजिस्ट्रीत किंवा पॉलिसीत शिरून ‘असुरक्षित गेस्ट लॉगऑन’ चालू करतो. सेटिंगच्या नावातच असुरक्षित लिहिलंय, तरी हात थांबत नाही. खरी अडचण बहुधा अशी असते, की घरातल्या माणसाला रोजचा चार आकडी पिन ठाऊक आहे आणि नेटवर्कवर पिन चालत नाही; तो त्या एका यंत्रापुरता असतो. तिथे खात्याचा पासवर्ड लागतो, आणि तो सेटअप केल्यापासून कोणाच्या लक्षात नाही. सोपा मार्ग असा: ज्या संगणकावर फोल्डर आहे त्यावर शेअरिंगपुरतं एक साधं लोकल खातं काढा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डरवर फक्त त्याला हक्क द्या. दुसऱ्या संगणकावरून एकदा संगणकाचं नाव, उलटी रेघ आणि ते खातं टाकून ‘लक्षात ठेव’वर टिचकी मारा. जुना चुकीचा पासवर्ड साठून राहिला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधून पुसा.

इथवर आलं की समोरून शेवटचा हुकमी पत्ता पडतो: ‘अहो, घरातलंच नेटवर्क आहे. कोण येणार आहे?’

घरातलं नेटवर्क घरातलं असतं, हे आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये. २००० नंतरच्या काही वर्षांत केबलवाल्याचं इंटरनेट या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर टाकत आलं, तेव्हा अख्खी गल्ली एकाच नेटवर्कवर असायची. ‘माय नेटवर्क प्लेसेस’ उघडलं की शेजाऱ्यांची गाणी, लग्नाचे फोटो आणि कधीकधी हिशेबही दिसायचे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला, आणि एका मिनिटात संगणक बंद होतोय अशी चौकट घराघरात दिसू लागली. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये, मायक्रोसॉफ्टने फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. गल्लीभर शेअर केलेली गाणी दिसेनाशी झाली, आणि ‘फायरवॉल बंद करा’ हा सल्ला माझ्या मते तिथून रुजला. वायरी बदलल्या, सल्ला तोच राहिला.

आजही दुकानाच्या काउंटरवर वाय-फायचा पासवर्ड चिकटवलेला असतो, खाली दुकान आणि वर घर एकाच राउटरवर असतं, भाडेकरूला, क्लासच्या पोरांना, सीसीटीव्हीवाल्याला तोच पासवर्ड दिलेला असतो. राउटर बाहेरच्यांना अडवतो हे बरोबर, पण धोका येतो तो आतल्या एखाद्या बाधित यंत्रातून. आणि आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत तर प्रत्येक यंत्राला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो. तिथे राउटरच्या स्वतःच्या फायरवॉलवर सगळी भिस्त. त्याहून मोठी गोष्ट: बंद केलेली फायरवॉल घरी राहत नाही, ती लॅपटॉपबरोबर फिरते. बदलापूरहून सकाळची लोकल पकडणाऱ्याचा लॅपटॉप कॉलेजच्या, हॉटेलच्या, क्लायंटच्या वाय-फायवर तशाच उघड्या अंगाने जातो. घरात चालतं म्हणणाऱ्याने हा लॅपटॉप घरातून हलणार नाही, असंही लिहून द्यावं.

१२ मे २०१७ ला फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं, ते एसएमबी वनमधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने त्याचं पॅच मार्चमध्येच दिलं होतं, आणि हा प्रोटोकॉल वापरू नका असं मायक्रोसॉफ्टच्याच नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर लिहिलं होतं. २७ जूनला नॉटपेट्या हा तसाच दुसरा हल्ला आला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. टॅलीवर धंदा चालवणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं कोसळलं, आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या गटाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. कंपनीने स्वतः नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर दिला. सगळा दोष एसएमबी वनचा होता असं मी म्हणणार नाही. नॉटपेट्या एका यंत्रातून चोरलेल्या पासवर्डांनी पॅच केलेल्या यंत्रांतही शिरत होता. पण म्हणजेच, सगळ्या संगणकांवर एकच ॲडमिन पासवर्ड ठेवणं हीदेखील याच सल्ल्याची सख्खी बहीण आहे.

फॉरमॅटबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्याकडचे असेंबल्ड संगणक अनेकदा एका तयार डिस्कची नक्कल करून दिले जातात. विंडोज, ऑफिस, टॅली सगळं ‘टाकलेलं’. अशा यंत्रांचा आतला सुरक्षा-क्रमांक एकच असतो. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रसिनोविच यांनी त्याने काही बिघडत नाही असं सांगितलं होतं, आणि वर्षानुवर्षं बिघडलं नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या विंडोज ११ च्या अपडेटपासून मात्र एकच क्रमांक असलेली दोन यंत्रं एकमेकांना ओळख पटवू देत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो. इथे नकललेली डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणं हाच उपाय आहे. फरक एवढाच, की या आजाराला ते औषध आहे, सगळ्या आजारांना नाही. आणि चूक नक्कल करून देणाऱ्याची होती, तेव्हा त्याचे पैसे ग्राहकाने का द्यावेत?

‘आता लॅन हवंच कशाला, ड्राइव्हवर टाका’ असं म्हणणाराही एक वर्ग आहे. त्याने अंबरनाथच्या एखाद्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारावं. ४० जीबीचं चित्रण गिगाबिट लॅनवर सहा-सात मिनिटांत जातं. ५० एमबीपीएसच्या लाइनवर ते नुसतं चढवायलाच पावणेदोन तासांवर लागतात, उतरवायचा वेळ वेगळा. टॅलीचा चालू डेटा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवला तर दोघांनी एकाच वेळी लिहिलं की फाइल बिघडायची भीती. आणि उल्हास नदीचं पाणी २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत कुठपर्यंत चढलं, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. तळमजल्यावरच्या दुकानाची रोजची एक प्रत वरच्या मजल्यावरच्या संगणकात आपोआप जावी, यासाठी लॅनसारखी स्वस्त सोय नाही. पण ते बॅकअपचं फोल्डर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ असेल, तर खालच्या संगणकात शिरलेलं रॅन्समवेअर वरची प्रतही त्याच रात्री कुलूपबंद करील. पुरातून वाचलेला हिशेब अशा सल्ल्यापायी जाऊ शकतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे नवा लॅपटॉप आणि जुना डबा अशी जोडी घराघरात वाढणार, ‘दिसत नाही’च्या तक्रारीही वाढणार. तंत्रज्ञ आला की त्याला आधी दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते कागदावर लिहायला सांगा. मग नेटवर्क पब्लिक आहे की प्रायव्हेट ते विचारा. आणि काम झाल्यावर, पैसे देण्याआधी, काय काय बंद केलं आणि काय उघडं ठेवलं ते बिलावर त्याच्याच हाताने लिहून घ्या. तो लिहायला तयार नसेल, तर त्याने केलेलं सगळं तिथेच, तुमच्यासमोर, पूर्ववत करायला लावा.